हवेत एकही गोळी नाही

माझी थोरली बहीण फ्योक्ला साठी ओलांडल्यावर पिस्तूल चालवायला शिकली. हे सांगितलं की लोक हसतात. मी त्यांना हसू देतो, कारण त्या वसंतात आम्हीही पुष्कळ हसलो होतो.

शिकायची वेळ आली ती झाखारमुळे. झाखार तिचा नवरा. माझा मेहुणा तो नंतर झाला, आधी मित्र होता. त्या हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि उजवा पाय ओढत तो घरातल्या घरात फिरू लागला. जीभ तेवढी शाबूत राहिली. न्यायचंच होतं तर देवाने नेमकी तीच का नेली नाही, असं ताई त्याच्या तोंडावर म्हणायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

मार्च संपायच्या आत झाखारने जाहीर केलं की उन्हाळ्यात मी खाडीवर जाणार. आमच्या गावातली माणसं बर्फ वितळला की आपापल्या खाडीवर जातात, जाळी लावतात, सॅमन मासे सुकवतात, धुरी देतात आणि हिवाळ्याची बेगमी करून परततात. झाखारचा एकही उन्हाळा गावात गेला नव्हता. त्याचा बाप त्याच खाडीवर गेला होता, बापाचा बाप गेला होता. आणि हा ऐटीत म्हणाला, ''मी काय इथे खिडकीत बसून बायकांच्या चपला मोजू?''

त्याचा मुलगा तेरेंती दूर अँकरेज शहरात नोकरीला. तो विमानाने आला तोच भांडायच्या तयारीने. डॉक्टरांनी दुसरा झटका येऊ शकतो असं सांगितलं होतं. पण तेरेंतीने ती गोष्ट एकदा काढली आणि बापाचा चेहरा पाहून गिळली. बापाला तोंडावर मरणाचं कोण बोलणार? त्यापेक्षा अस्वलाचं बोलणं सोपं. तो म्हणाला, ''बाबा, तुम्हाला हात नाही. बंदूक उचलता येत नाही. अस्वल आलं तर?'' आणि मग महिनाभर आमच्या घरात एकच विषय, अस्वल आलं तर. मीही त्यातच होतो. खाडीवर अस्वल येतं, दरवर्षी येतं, मासे सुकत घातले की वासाने येतंच. त्यावर बोलायला सगळ्यांकडे काही ना काही होतं.

एके दिवशी जेवताना ताई म्हणाली, ''मी शिकते.''

झाखारने चमचा खाली ठेवला. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि या बाईने बंदुकीला हात लावला नव्हता. बंदूक दारामागे ठेवलेली असली तर ती त्या कोपऱ्यातला केर काढत नसे. ''तू?'' तो म्हणाला. ''तुला उंदीर दिसला तरी या तुझ्या भावाला, निकिफोरला हाक मारतेस.''

''उंदराची गोष्ट वेगळी,'' ताई म्हणाली. ''उंदरामुळे तुझं खाडीवर जाणं अडत नाही.''

म्हणजे ठरलं. लांब बंदूक तिला झेपली नसती. मासे कापताना, पाणी आणताना, दोन्ही हात कामात असताना ती अंगावर बाळगायची तरी कशी? पिस्तूलच हवं, छातीवर पट्ट्याने बांधता येईल असं. आधी झाखारचं स्वतःचं काढलं, चव्वेचाळीस बोअरचं, खोरं असावं एवढं जड. गावामागच्या खडीच्या खाणीत गेलो. ताईने डोळे मिटून चाप ओढला. धक्क्याने नळी उसळून तिच्या कपाळाला लागली, टोपी मागे पडली. तिने पिस्तूल अलगद झाखारच्या मांडीवर ठेवलं आणि घराकडे चालू लागली. झाखार एवढा हसला की खुर्चीतून पडायचाच, मी त्याला सावरलं.

मग आम्ही कोडियाक शहरात बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदार पोरसवदा होता. त्याने आधी अस्वलाच्या डोळ्यांत मारायचा तिखटाचा फवारा दाखवला. झाखार म्हणाला, आमच्या खाडीत वारा कायम तोंडावर, अस्वलाच्या आधी बायकोच आंधळी व्हायची. मग त्याने एक हलकं, चकचकीत रिव्हॉल्वर काढलं. बायकांना हेच आवडतं म्हणाला. ताईलाही आवडलं, मुठीत मावलं. दुकानामागच्या नेमबाजीच्या पट्टीवर तिने त्यातून अस्वलासाठी असतात तसल्या भारी गोळ्या झाडल्या. हलक्या पिस्तुलाचा धक्का हाताला दुप्पट बसतो. तिसऱ्या गोळीला आतलं गोळ्यांचं चाक फिरेना. धक्क्याने शेजारच्या काडतुसातलं शिसं पुढे सरकून अडकलं होतं. दुकानदाराने हातोडीने ते ठोकून काढलं आणि दहातल्या एखाद्या वेळेसच असं होतं म्हणाला. ''मग ती एक वेळ अस्वलाला आधी कळवायची का?'' ताईने विचारलं.

चपटं, मागून सरकवून भरायचं पिस्तूलही पाहिलं. त्यात गोळ्या जास्त. पण ताईची बोटं संधिवाताने वाकलेली, तिला ते मागे ओढताच येईना. शेवटी कोपऱ्यातल्या जुन्या मालात एक पोलादी रिव्हॉल्वर सापडलं. मध्यम गोळीचं, सहा घरांचं, अंगाने भरीव. धक्का बसायचा, पण पिस्तूल तो स्वतःच अर्धा पचवायचं. फक्त लाकडी मूठ तिच्या पंजाला जाड होती. घरी आल्यावर मी ती कानशीने घासली आणि झाखार शेजारी बसून बोलत राहिला. डावीकडून अजून, अरे तिथे नको, तुला लाकूड कळतं की नाही. त्याला स्वतःला घासता येत नव्हतं म्हणून तो चिडत होता हे मला कळत होतं. मी घासत राहिलो.

सराव ईस्टरनंतर सुरू झाला. आमच्याकडे कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर कुणी शिकत नाही. अस्वल ठिपक्यासारखं उभं राहत नाही. ट्रकचं जुनं टायर घ्यायचं, मधल्या भोकात पुठ्ठा बसवायचा आणि ते चढावरून सोडून द्यायचं. ते उड्या घेत, वाकडंतिकडं अंगावर येतं. तेवढ्यात जमलं तर जमलं. टायर वर ओढून नेण्याचं आणि सोडण्याचं काम माझं. ताई खाली, छातीवर पट्टा, डोक्याला रुमाल. तिच्या मागे घडीच्या खुर्चीत पांघरूण घेऊन झाखार.

सुरुवातीला टायर तिच्या बाजूने निघून जायचं आणि पिस्तूल खोळीतच असायचं. मग पिस्तूल निघायला लागलं पण डोळे मिटायचे. झाखार ओरडायचा, ''बाई, डोळे मिटून प्रार्थना करायची ती चर्चमध्ये.'' ती म्हणायची, ''तू गप्प बसलास तर दोन्ही जमेल.'' अंगठ्याजवळची कातडी काळीनिळी झाली. रात्री ती हात कोमट पाण्यात बुडवून बसायची आणि झाखार डाव्या हाताने तिच्या मनगटाला तेल चोळायचा. मे महिन्यात पुठ्ठ्याला भोकं पडायला लागली.

झाखारचा सगळा जोर एका गोष्टीवर. हवेत गोळी झाडायची नाही. आमच्या गावात येफीम म्हणून आहे. त्याने घाबरून अस्वलाला पळवायला म्हणून सगळ्या गोळ्या आभाळात उडवल्या. अस्वल पळालं नाही. ते आलं तेव्हा येफीमच्या हातात नुसतं लोखंड होतं. डोक्याची कातडी शिवून लावली आहे. तो चर्चमध्येही टोपी काढत नाही आणि पाद्रीबाबा त्याला काही म्हणत नाहीत. तर झाखार प्रत्येक टायरआधी ताईला विचारायचा, हवेत किती? ती म्हणायची, एकही नाही. मी वरून टायर सोडायचो. शंभरदा ऐकलं असेल मी ते. पुढेपुढे तो विचारायच्या आधीच ती पुटपुटायची. भाकरीचं पीठ मळतानाही ती ते पुटपुटायची, मी ऐकलं आहे.

तेरेंती पुन्हा आला तेव्हा त्याला खाणीत नेलं. ताईने सहातल्या पाच गोळ्या पळत्या टायरमध्ये बसवल्या. सहावी का चुकली म्हणून झाखार तिला रागावला, पण त्याचा चेहरा पाहायला हवा होता. लग्नातही तो एवढा खूश नव्हता. तेरेंतीने हात जोडले. त्याच्याकडे दुसरा मुद्दाच उरला नव्हता. अस्वलाचा प्रश्न सुटला होता, आणि आम्ही सगळे असे वागलो की जणू सगळेच प्रश्न सुटले. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही होड्या भरल्या.

तो उन्हाळा चांगला गेला, हे मला सांगितलंच पाहिजे. झाखार माशांच्या उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसून डाव्या हाताने मासे चिरायला शिकला. वाकडेतिकडे चिरायचा आणि ताईने नाक मुरडलं की पोटात गेल्यावर कोण बघतंय म्हणायचा. ताई त्याच्याभोवती कामं करत फिरायची, एप्रनवरून तो पिस्तुलाचा पट्टा. मी तिला आमची फौजदारीण म्हणायचो. माझी झोपडी थोडी अलीकडे होती, आणि दर शनिवारी भरती आली की मी समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला वळसा घालून होडीने त्यांच्याकडे जायचो. वाफेची न्हाणी तापवायची, अंघोळी करायच्या, मग चहा, माशाची भरलेली रोटी आणि झाखारच्या थापा.

तो शनिवारच होता. जुलै. सकाळपासून धुकं उतरलं होतं आणि वारा अजिबात नव्हता, समुद्र तव्यासारखा पडलेला. मी टोकाच्या अलीकडे, माझ्या झोपडीबाहेर जाळं दुरुस्त करत बसलो होतो. दोन्ही जागांच्या मध्ये टेकडी आहे आणि टेकडीत एक खिंड. त्या खिंडीतून पलीकडचा आवाज सरळ येतो. अशा निवांत दिवशी ताई कावळ्यांना शिव्या घालते ते मला इकडे ऐकू येतं. एकमेकांशी बोलायचा रेडिओ मात्र टेकडीमुळे लागत नाही. तो घेऊन टोकापर्यंत चालत जावं लागतं. म्हणून आमच्या खाडीत जुनी रीत आहे, लागोपाठ तीन बार हवेत म्हणजे हातातलं टाकून या. खिंडीतून धावत गेलं तर मी पाव तासात तिथे असतो. त्या दुपारी मी धुक्यात बसून गाठी मारत होतो. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, दोघं झोपली असतील.

संध्याकाळी भरतीबरोबर गेलो. होडी किनाऱ्याला लावतो तोच ताईचा दबका आवाज आला, ''हळू ये. झुडपात आहे ते.''

ती वाळूत बसली होती, झुडपांकडे तोंड करून. उजव्या हातात पिस्तूल. झाखारचं डोकं तिच्या मांडीवर, अंगावर तिचा कोट. मी जवळ गेलो आणि त्याचा चेहरा पाहिला. तो गेलेला होता, अंग गार पडायला लागलं होतं. ते तिला माहीत होतं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. तिने आधी मला अस्वलाचंच सांगितलं.

दुपारी अस्वल किनाऱ्याने आलं, सरळ धुरीच्या खोलीकडे. ती मध्ये उभी राहिली. आमच्या आईने शिकवलं होतं तसं आधी त्याच्याशी बोलली, बाबा, हे आमचं आहे, तुझं नदीत आहे. ते मागच्या पायांवर उभं राहिलं, फुसफुसलं आणि धावत आलं. तिने दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं. डोळे उघडे ठेवले. वाळूतल्या ओंडक्यापर्यंत येईस्तोवर झाडायची नाही, असं झाखारने सांगून ठेवलं होतं. ते ओंडक्यापर्यंत पोचायच्या आधीच थबकलं, जमीन उकरली आणि वळून झुडपात गेलं. तिने एकही गोळी वाया घालवली नाही. सगळं बरोबर केलं. वळून पाहिलं तर तो पेटीवरून खाली घसरला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

तिने त्याला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. होडी ओहोटीने वर कोरडी राहिलेली, ती एकटीला ढकलता आली नसती. रेडिओ घेऊन टोकावर जायचं तर त्याला तिथे टाकून जावं लागलं असतं, आणि अस्वल झुडपातच फिरत होतं, काटक्या मोडल्याचा आवाज येत होता. म्हणून ती बसून राहिली. दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्याची राखण करत बसून राहिली.

मी तिच्या हातून पिस्तूल घेतलं. बोटं एकेक करून सोडवावी लागली. चाक उघडून पाहिलं, सहाच्या सहा गोळ्या होत्या.

तीन बार का नाही काढलेस, हे माझ्या ओठावर आलं होतं आणि मी ते खाली ढकललं. कुणाला विचारायचं? ज्या बाईला आम्ही दोघांनी मिळून अख्खा वसंत एकच गोष्ट घोटवली, तिला? रीत तिलाही माहीत होती, लहानपणापासून माहीत होती. पण त्या पिस्तुलाच्या बाबतीत तिच्या डोक्यात दुसरी रीत पक्की बसली होती. मी तिथे पोचलो असतो तर झाखार वाचला असता असंही नाही. धुक्यात विमान उतरलं नसतं, आणि होडीने गावातल्या दवाखान्यापर्यंत तीन तास लागतात. कदाचित वाटेतच गेला असता. पण कदाचित नसताही गेला. हा कदाचित मला अजून जेवू देत नाही.

तेरेंती आला, बापाला पुरलं, रडला. आईला तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिला, अस्वलाने काही केलं नाही ना? नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटायचं.

झाखार गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, आमच्या रीतीप्रमाणे, ताईच्या घरी जेवण होतं. चर्चमधून माणसं आली, जेवली, झाखारच्या आठवणी काढून गेली. येफीमही आला होता, टोपीसकट. सगळे गेल्यावर मी ताईबरोबर भांडी आवरत होतो. तिने ताटली पुसायची थांबवली आणि म्हणाली, ''निकिफोर, एक विचारू? तुझं आणि त्याचं फार होतं. तुला त्याचं कळायचं.''

मी म्हटलं विचार.

''त्या दुपारी तो शुद्धीवर होता. बराच वेळ होता. बोलता येत नव्हतं, पण डोळे माझ्याकडे होते. आणि तो डावा हात सारखा माझ्या पिस्तुलाकडे आणायचा. नळीखाली बोटं घालायचा आणि वर ढकलायचा. वर, असं.'' तिने ओल्या हाताने ताटली उचलून दाखवली. ''मी पुन्हा झुडपांकडे करायची, तो पुन्हा वर ढकलायचा. अंगात ताकद नव्हती तरी ढकलायचा. मला वाटलं डोकं गेलं त्याचं. किंवा नळी त्याच्या पायाकडे आहे म्हणून घाबरतोय. शेवटी मी त्याचा हात माझ्या हातात धरून ठेवला. घट्ट धरला, हलू दिला नाही. मग तो रडला, निकिफोर. काय म्हणायचं होतं त्याला?''

मी स्टुलावर बसलो. मला तो दिसला, वाळूत पडलेला, स्वतःच शिकवलेलं पुसायला तोंड नसलेला, तीन बारांसाठी बायकोच्या हातातलं पिस्तूल आभाळाकडे वळवू पाहणारा. आणि टेकडीच्या अलीकडे जाळ्याला गाठी मारत बसलेला मी. आयुष्यात कधी कुणाचा एवढा राग आला नाही जेवढा त्या घटकेला मला स्वतःचा, झाखारचा आणि त्या टायरचा आला.

ताई वाट पाहत होती. तिचा चेहरा आमच्या आईसारखा दिसायला लागला आहे अलीकडे. तिच्यापुढे आता किती हिवाळे आहेत कोण जाणे, आणि ते सगळे तिला या घरात एकटीने काढायचे आहेत.

''त्याला तुझा हात हवा होता, ताई,'' मी म्हणालो. ''एका हातात पिस्तूल धरून बसली होतीस. ते बाजूला कर आणि हात दे, एवढंच म्हणत होता.''

तिने ताटली पुसून फडताळात ठेवली.

''मग बरं झालं,'' ती म्हणाली. ''हात मी शेवटपर्यंत सोडला नाही.''